बावखलाला वळसा घालणारी रेघ

मार्चमधला एक शनिवार, दुपारची वेळ. बेरीज दोन हजार पाचशे सत्तर. हजर: तू, मी आणि नगरपरिषदेच्या सूचनाफलकाखाली पाय ताणून झोपलेलं एक पिवळं कुत्रं.

पास्कू, आपल्या ओळखीची नोंद मला अशीच करावीशी वाटते. बेरीज माणसांची होती. निवडणुकीसाठी गावाचे नवे प्रभाग पाडले होते आणि त्यांचा कच्चा नकाशा हरकतींसाठी फलकावर लावला होता. त्याच्या कोपऱ्यात प्रभाग दहाची ही लोकसंख्या छापलेली होती. वालीवच्या कारखान्यात दिवसभर हिशेब तपासणारा मी, शनिवारच्या अर्ध्या सुट्टीत तिथेही आकडेच तपासत होतो. तू नकाशाला नाक लावून उभा होतास.

"हे निळं म्हनजे आमचं बावखल ना?" तू मला विचारलंस, जणू नकाशा मीच काढला होता.

मी म्हणालो, असेल.

"मग ही रेघ त्याच्या पोटातून कशाला गेली?"

मी तुला नियम समजावून सांगितला. प्रभागाची हद्द शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता अशा नैसर्गिक खुणांवरून न्यायची असते. इथे पाणी आहे, म्हणून हद्द पाण्यावरून गेली. शिवाय दोन्ही बाजूंची माणसं जवळजवळ समसमान आहेत. सरासरी चोवीसशे, दहा टक्के कमी किंवा जास्त चालतात. दहामध्ये दोन हजार पाचशे सत्तर, अकरामध्ये दोन हजार दोनशे साठ. सगळं बसतंय.

तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "तू ऑडिटर काय रे?"

त्या दिवसापासून तू मला नावाने हाक मारली नाहीस. माझ्या मुलीच्या लग्नातही मांडवाच्या दारातून "ऑडिटर कुठं हाय?" असं ओरडत आलास. व्याह्यांना वाटलं, कंपनीवर धाड पडली.

तू गेलास त्याला सव्वा महिना झाला. लोक मला भेटून हळू आवाजात बोलतात, आणि मला मात्र तुझी आठवण आली की हसू येतं. त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. तुझ्या मयताच्या मिस्सेत फादरनी प्रवचनात तुझी पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगितली, तेव्हा अख्खं चर्च हसलं. आग्नेसवहिनीही हसल्या, डोळे पुसत. ती गोष्ट पुढे येईलच. आधी बावखल.

मी देशावरचा. सदनिका घेऊन इथे राहायला आलो तेव्हा बावखल म्हणजे एखादं डबकं असेल अशी माझी समजूत होती. त्या शनिवारी तू मला फलकापासून थेट तुझ्या आळीत नेलंस. केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून वाट उतरत गेली आणि मधोमध ते गोड पाण्याचं खोल तळं दिसलं. दोन्ही काठांवर घरं, दोन्ही काठांवरून वाड्यांना जाणारं पाणी. पावसाआधी घरटी एक माणूस गाळ काढायला आत उतरतो, हे तू सांगितलंस. त्या दिवशी आळीची सगळी भांडणंही तिथेच मिटवली जातात. कारण गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस रागाने निघून जाऊ शकत नाही.

"नदी असती तर पलीकडचा परका," तू म्हणालास. "हिथं पलीकडं माझा भाऊ राहतो. पानी मध्ये हाय म्हनून तर आमी एक हाव."

नकाशा काढणाऱ्याने निळा रंग पाहिला आणि त्याला हद्द समजला. मीही तेच समजलो होतो. पण आळी अशी दोन प्रभागांत वाटली गेली की दहामध्ये तिची माणसं नव्या इमारतींच्या गर्दीत बुडणार आणि अकरामध्येही बुडणार. कुठल्याच उमेदवाराला तिच्याशिवाय अडणार नाही. आणि त्या काळात बावखलं बुजवून गाळे बांधायचा सपाटा सुरू झालेला होता. तुमच्या बावखलाची मोजणी करायला एक माणूस दोनदा येऊन गेला होता. आळीला एक नगरसेवक असा हवा होता की ज्याला तुमच्या दारात यावंच लागेल. तुला तो नगरसेवक स्वतःच व्हायचं होतं, हे तू दुसऱ्या चहाला सांगितलंस.

आपला वाद तिथेच सुरू झाला आणि तो कधी संपला नाही. माझं म्हणणं, प्रत्येक प्रभागात माणसं सारखी असली की प्रत्येक मताचं वजन सारखं होतं, आणि न्याय म्हणजे तेवढंच. तुझं म्हणणं, वजन सारखं असून काय उपयोग, कांदा चिरून दोन पिशव्यांत टाकला की तो पेरता येत नाही. मी कांदा सोडून आकडे मांडले. पलीकडच्या काठावर एकशे नव्वद माणसं. ती दहामध्ये घेतली की दहा होतो दोन हजार सातशे साठ, मर्यादेच्या एकशे वीसने वर. अकरा उरतो दोन हजार सत्तर, मर्यादेच्या नव्वदने खाली. हरकत पहिल्या मिनिटात फेटाळली गेली असती.

"मग दहातून कोनाला तरी काढ," तू म्हणालास, जसं काही मी भाजी निवडत होतो.

पुढचे तीन दिवस मी तेच करत होतो. हद्दीला लागून असलेला, तोडला तरी लोंबकळत न राहणारा आणि निदान एकशे वीस माणसांचा तुकडा हवा होता. असा एकच निघाला. रस्त्याच्या कडेची चोवीस सदनिकांची इमारत, जनगणनेनुसार माणसं एकशे चोवीस. ती अकरामध्ये टाकली की दहामध्ये दोन हजार सहाशे छत्तीस. मर्यादेच्या चारने आत.

ती इमारत माझी होती.

तुला कधी बोललो नाही, ते आज लिहितो. त्या तीन दिवसांत मी आणखी तीन मांडण्या करून पाहिल्या होत्या, आमची इमारत दहामध्येच राहील अशा. एकही बसली नाही. मला तुझ्या प्रभागात राहायचं होतं, एवढंच त्याचं कारण. ओळख होऊन आठवडाही झाला नव्हता. हे तुला सांगितलं असतं तर तू ते चर्चच्या पायऱ्यांवरून गावाला ऐकवलं असतंस.

पण इमारत एकट्याच्या मर्जीने हलवता येत नाही. मी गच्चीवर सोसायटीची सभा बोलावली. आमचे सेक्रेटरी सावंत, कोकणातले, बोलायला फटकळ. ते उभेच राहिले.

"दहाचा नगरसेवक आपल्याला गटार करून देणार होता. आता अकरामध्ये आपल्याला कोण ओळखतो? आणि हे सगळं कशासाठी, तर यांच्या मित्राच्या तळ्यासाठी. कर्णाने कवचकुंडलं दिली, तुम्ही बिल्डिंग दान करताय?"

तेवढ्यात तू जिना चढून वर आलास, हातात सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी. मी तुला बोलावलं नव्हतं. तू पुडी सावंतांच्या समोर ठेवलीस.

"ही लाच आहे काय?" सावंत म्हणाले.

"लाच असती तर पेढे आनले असते. तुमी बोलून बोलून दमले असाल म्हनून आनली."

लोक हसले. मग तू कोणतंही आश्वासन दिलं नाहीस. तुम्ही टँकरचं पाणी घेता, तो टँकर जिथून भरतो तिथल्या विहिरी ह्या बावखलांमुळे गोड आहेत, ती बुजली की तुमचा टँकर आणखी लांबून येईल, एवढंच सांगितलंस. आणि शेवटी म्हणालास, "गटाराचं मला माहीत नाय. ते अकरावालाबी करील, तुमी सावंतांना त्याच्या घरी पाठवा."

चोवीस घरांपैकी चौदांनी हो म्हटलं. सावंतांनी नाही म्हटलं आणि सुकेळी खाल्ली.

सुनावणी ठाण्याला होती. आपल्या आधी सोळा हरकती होत्या आणि साहेब कंटाळले होते. आपला नंबर आला तसे ते नकाशाकडे बघत म्हणाले, "अहो, ही तर पाण्याची हद्द आहे. याहून नैसर्गिक काय हवं?"

मी आकड्यांचा कागद पुढे करणार तोच तू बोललास. "साहेब, तुमच्या घरात पान्याची टाकी आसंल. मग शिरगणतीवाला आला तर टाकीच्या ह्या बाजूला साहेब आनि त्या बाजूला बाईसाहेब, आशी दोन घरं लिहितो काय?"

साहेब हसले, त्यांचा कारकून हसला, मागे बसलेले अठरावे हरकतदार हसले. त्यानंतर मी आकडे वाचले. साहेबांनी चारच्या फरकावर बोट ठेवलं, पुन्हा बेरीज केली आणि विचारलं, "ही बाहेर काढायची इमारत कोणाची?"

"मी राहतो तिथे."

"मला तिथून काढा म्हणून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर कामणच्या गोदामांसमोर एस.टी. बंद पडली. आपण उतरून टपरीवर वडापाव खाल्ला आणि तू तुझ्या पहिल्या भाषणाची तालीम केलीस. ऐकायला मी आणि ट्रकांचे दोन ड्रायव्हर. ड्रायव्हर भिवंडीचे मतदार निघाले.

अंतिम नकाशा लागला तेव्हा रेघ बावखलाला वळसा घालून गेली होती. आळी एक झाली. तू पांढरा शर्ट शिवायला टाकलास. आणि मग आरक्षणाची सोडत झाली, आणि प्रभाग दहा महिलांसाठी राखीव निघाला.

तो दिवस आठवला की अजूनही पोट दुखेपर्यंत हसतो. मी तुला बातमी सांगायला आलो तर तू शर्ट घालून आरशासमोर उभा होतास. तू सावकाश बटणं काढलीस. आग्नेसवहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शर्ट मला बसंल काय?"

त्यांनी निवडणूक लढवली. तू प्रचारात एवढा बोललास की लोक त्यांना गप्प उमेदवार समजले. पण त्या दारात बसत, दाराच्या आतलं ऐकत. कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कुणाच्या सासूला पेन्शन नाही, सगळं त्यांना पाठ झालं. मला त्यांना मत देता येत नव्हतं. मी अकराचा मतदार. मतदानाच्या दिवशी मी माझं मत कुणा अनोळखी माणसाला दिलं आणि दिवसभर दहाच्या केंद्रासमोर झाडाखाली उभा राहिलो.

त्या एकोणीस मतांनी पडल्या.

मोजणीच्या हॉलबाहेर आपण तिघं बाकावर बसलो होतो. समोर फटाके लागत होते. मग तू विचारलंस, "ऑडिटर, तुमच्या बिल्डिंगची मतं किती?"

मला वाटलं, आता हा प्रश्न आयुष्यभर पुरणार. मी खरं ते सांगितलं. बाकीच्यांची नावं अजून मुंबईत नाहीतर गावाकडे होती, इथल्या यादीत एकसष्ट.

"एकसष्ट," तू म्हणालास. पुन्हा म्हणालास, "एकसष्ट." आणि हसायला लागलास. आधी मला वाटलं रडतोयस. मग आग्नेसवहिनी हसायला लागल्या, मग मी. निवडून आलेल्या बाईंचा नवराच हार घालून बाहेर आला तो आपल्याला बघून गोंधळला. त्याने जवळच्या माणसाला विचारलं, नक्की जिंकलं कोण.

इथून आपल्या दुसऱ्या वादाला तोंड फुटलं. तुझं ठाम म्हणणं, इमारत दहामध्ये असती तर एकसष्टच्या एकसष्ट मतं आग्नेसला पडली असती. माझं म्हणणं, फार तर पंचवीस. आमचे लोक पक्ष बघून, जात बघून, आणि कधीकधी सुट्टी बघून मत देतात. तू म्हणायचास, तुझा तुझ्याच शेजाऱ्यांवर विश्वास नाय. मी म्हणायचो, माझा बेरजेवर आहे. पाच वर्षं हे चाललं. आमच्या घरी, तुमच्या घरी, बाजारात कोबी निवडताना. आळी दुभंगली असती तर वहिनी उभ्याच राहू शकल्या नसत्या, एकोणीसचा प्रश्नच आला नसता, हे मी तुला दरवेळी सांगे. तू दरवेळी म्हणायचास, "ते बरोबर हाय. पन एकसष्ट."

एकदाही तू म्हणाला नाहीस की इमारत द्यायला नको होती. मी वाट पाहत होतो, खरं सांगतो. एखाद्या संध्याकाळी तरी म्हणशील. नाही म्हणालास.

आणि ज्याच्या बायकोविरुद्ध वहिनी पडल्या तो गृहस्थ पहिल्याच वर्षी गाळ काढायच्या दिवशी आळीत आला. इस्त्रीच्या पँटमध्ये. आळीची मतं एकगठ्ठा आहेत आणि आपण एकोणीसनेच वाचलो आहोत हे त्याला पक्कं कळलं होतं. तू त्याच्या हातात घमेलं दिलंस. "या साहेब, हिथून कोनी रागावून जात नाय." तो उतरला. मोजणीवाला माणूस पुन्हा आळीत दिसला नाही. निवडणूक हरूनही रेघेने आपलं काम केलं, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, जिंकून केलं असतं तर काय बिघडलं असतं? आमचं गटार अकराच्या नगरसेवकाने केलं. सावंत त्याच्या घरी चार वेळा गेले होते.

आता नवी जनगणना झाली. तू गेल्यावर पंधरा दिवसांनी नवा कच्चा नकाशा लागला. मी एकटाच बघायला गेलो. माणसं इतकी वाढली आहेत की प्रभाग लहान झाले आणि सगळ्या हद्दी सरकल्या. मी आधी बावखल शोधलं. रेघ त्याच्यापासून चांगली दूर होती. मग आमची इमारत शोधली. ती रस्त्याच्या अलीकडे, तुमच्या आळीच्या प्रभागात आली होती. कोणी हरकत घेतली नव्हती, कोणी काही दान केलं नव्हतं. मी फलकासमोर उभा राहून मागे वळलो, तुला सांगायला. आणि मग लक्षात आलं.

या वेळी सोडतीत प्रभाग खुला निघाला, पास्कू. तुला उभं राहता आलं असतं.

आळीतल्या लोकांनी आग्नेसवहिनींना उभं राहायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "ते असताना हरले. आता कोनाच्या बळावर?" एवढंच बोलल्या. आणि तो इस्त्रीच्या पँटवाला गृहस्थ या वेळी स्वतः उभा राहतो आहे. तो आता पँट दुमडायला शिकला आहे, पण गाळेवाल्यांशी त्याची ऊठबसही वाढली आहे.

परवा रविवारी सावंतांनी गच्चीवर तुझी शोकसभा ठेवली. त्यांची कल्पना, माझी नव्हे. सतरंजी अंथरली होती, तुझा फोटो होता. सावंत बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "हा माणूस मला आवडत नव्हता. सुकेळी चांगली आणायचा." मग त्यांनी तुझा फोटो सरळ केला आणि म्हणाले, "वहिनी उभ्या राहिल्या तर आपल्यातले किती जण मत देतील? आत्ताच सांगा. उगाच त्या बाईंना फशी पाडायला नको."

मी मोजायला लागलो, ते मला येतं. पाच वर्षांत तीन बिऱ्हाडं बदलली, दोन मुलं अठराची झाली, एक आजोबा गेले. मतदारयादीत आम्ही पुन्हा एकसष्टच आहोत. विश्वास बसेना म्हणून मी दोनदा पाहिलं. गच्चीवर त्यातले बावन्न होते. हात वर झाले चव्वेचाळीस. पहिला सावंतांचा.

शोकसभेत वर केलेला हात म्हणजे पेटीत पडलेलं मत नव्हे, हे मला कळतं. पण आपल्याकडे यापेक्षा चांगला पुरावा कधीच नव्हता. माझे पंचवीस एकोणीसने चुकले. तुझे एकसष्ट सतराने. तू दोनने जवळ होतास. मी लेखी मान्य करतो.

संध्याकाळी आळीत गेलो. वहिनी बावखलाच्या काठी केळीला पाणी घालत होत्या. मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी बादली खाली ठेवली.

"चव्वेचाळीस?" त्या म्हणाल्या. "मग सतरा कुठं गेले?"

मी सांगितलं, आठ जणांनी हात वर केला नाही, नऊ जण आलेच नव्हते.

"म्हनजे नऊ जनांना तर अजून कोनी विचारलंच नाय," आग्नेसवहिनी म्हणाल्या, आणि पाय धुऊन चपला घालायला लागल्या.